आपला खरा शत्रु कोण?

शास्त्रवाचन : इफिसकरांस पत्र ६:१०–१८, ४:२६, २७



भाऊबंदांनी वाळीत टाकले, पाणवठ्यावर कोणी अडविले, किंवा बांधावरून शेजारी भांडला, म्हणजे आपण सहज म्हणतो, "हा माझा वैरी!" पौलाने हे पत्र बंदिवासात असताना लिहिले. तरी ज्यांनी त्यास बेड्या घातल्या त्यांस तो शत्रु ठरवीत नाही. आपले युद्ध माणसांशी नसून दुष्ट आत्मिक सत्तांशी आहे, असे तो शिकवितो.

हा शत्रु येतो कसा? भुताखेतांचे भय सोडले म्हणजे त्याची वाट बंद झाली, असे कित्येकांस वाटते. परंतु तो अमावास्येची वाट पाहत नाही. दिवसाढवळ्या, आपल्या ओळखीच्या चालीरीतींचा वेष घेऊन तो घरात शिरतो.

नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण घ्या. त्यांचे माहेर अत्यंत कडक सोवळ्याचे. १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांस अपार दुःख झाले. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नाही. अखेर, हा जातिभेद देवाने केला की मनुष्याने, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. भिंत बाहेर नव्हती, मनात होती. आणि ती मनातच पडावी लागली.

आता आपण आपणांकडे पाहू. प्रभुभोजनास एकत्र बसणारे आपण सोयरीक जुळविताना जुन्या जातीची चौकशी करतो काय? मग उपासनेच्या वेळी बाहेर ठेवलेला शत्रु लग्नमंडपात आपणच बोलावून आणला!

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अन्याय मुकाट्याने सोसावा, असा याचा अर्थ नव्हे. पाणवठ्यावरील हक्क अवश्य मागावा. मात्र मागताना मनात द्वेष शिरला, तर हक्क मिळूनही शत्रूचाच जय होतो. राग उराशी धरून सूर्य मावळू दिला की सैतानास जागा मिळते, हा पौलाचा इशारा याचसाठी आहे.

म्हणून सत्याने कंबर कसा. म्हणजे आपला दोष प्रथम नाव घेऊन कबूल करा. शांतीच्या सुवार्तेचे जोडे घाला. म्हणजे समेटासाठी आपण आधी चालत जा. आणि ज्याच्याविषयी मनात अढी आहे, त्याचे नाव आज रात्रीच्या प्रार्थनेत घ्या.

मननासाठी प्रश्न

१. मी ज्यास वैरी म्हणतो, त्याच्यासाठी कधी प्रार्थना केली आहे काय?
२. आमच्या मंडळीत कोणती जुनी भिंत अजून उभी आहे?
३. ती पाडण्यास मी या आठवड्यात कोणाच्या घरी जाईन?