समुद्रात उतरण्याआधी खरे सांगा



मागच्या हिवाळ्यात आमच्या रविवारच्या आरोग्य वर्गाला वस्तीतला एक तरुण आईसोबत आला. हातात चार पानांचा अर्ज होता. महापालिकेच्या तलावावर त्याच्यासोबत पोहणारी मंडळी अंदमानला समुद्रात पोहण्याच्या सहलीला निघाली होती. त्यानेही दोन वर्षे पैसे साठवले होते. अर्जात एक रकाना होता : कोणता आजार आहे काय? मुलगा सिकलसेलचा एसएस रुग्ण. आईचे म्हणणे असे, "लिहू नको बाबू. तुले नेणार नाहीत. अन् चार लोकाईले मालूम झालं तर सोयरीक कोण करन?"

आईचे दोन्ही धाक खोटे नव्हते. पण समुद्राला अर्जात काय लिहिले ते कळत नाही, त्याला शरीर काय आहे तेवढेच कळते. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही समुद्रात पोहण्याच्या सहलीचा विषय घेतला आहे. अशा सहली आता आपल्या वस्त्यांपासून दूर राहिलेल्या नाहीत. कोणी क्लबसोबत जाते, तर केंद्र सरकारच्या नोकरीतली कुटुंबे एलटीसी घेऊन अंदमानला जातात. तिथे कोणीतरी म्हणते, "चला, उतरा पाण्यात." त्या क्षणी उपयोगी पडेल ती माहिती आधी घरी बसून वाचलेली बरी.

ही सहल असते तरी कशी?

पोहण्याच्या सहलीत रोज सकाळी ठरलेला पल्ला समुद्रात पोहायचा असतो. किनाऱ्याला समांतर एक किलोमीटर, दोन किलोमीटर, कधी त्याहून जास्त. वेगाप्रमाणे दोन-तीन गट पाडतात आणि प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची टोपी देतात. सोबत एक बोट चालते, तिच्यात जाणकार माणूस, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असते. दमला त्याला बोटीत घेतात. बोटीत बसणे म्हणजे हरणे असे कोणी मानत नाही, आणि मानू नये.

पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. सोबतची बोट नक्की असेल काय? एका जाणकारामागे किती पोहणारे? जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे काय? कोणाला दवाखान्यात न्यावे लागले तर कुठे आणि कसे नेणार? सरळ उत्तर मिळाले नाही तर त्या सहलीला जाऊ नका.

अंदमानात श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, विमानाने उतरतात. तिथून बोटीने सुमारे दोन तासांवर स्वराज द्वीप आहे. त्याचे जुने नाव हॅवलॉक. राधानगरचा प्रसिद्ध किनारा तिथलाच. पाणी वर्षभर उबदार असते, साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस. मे ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्यामुळे समुद्र खवळलेला असतो. पोहण्यासाठी डिसेंबर ते एप्रिल बरा. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. बेटे फार पूर्वेला आहेत, घड्याळ मात्र आपलेच. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नागपूर-मुंबईच्या सवयीने "अजून साडेपाचच तर वाजले" म्हणत पाण्यात राहिलात तर अंधारात सापडाल.

तलाव वेगळा, समुद्र वेगळा

तलावात २५ मीटरवर भिंत असते. आपण नकळत तिला पाय लावतो, दम घेतो. समुद्रात भिंत नाही. खारे पाणी अंगाला थोडे वर उचलते हे खरे, पण लाट तोंडावर येते, खारट पाणी नाकातोंडात जाते, तळ दिसेनासा होतो आणि छातीत धडधड सुरू होते. चांगले पोहणारेही पहिल्या दिवशी घाबरतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्या तरुणाच्या गटातल्या एका ताईने अर्जात लिहिले होते, "एक किलोमीटर पोहते." आम्ही विचारले, भिंतीला हात न लावता? त्यांनी दुसऱ्या दिवशी तलावावर करून पाहिले. ३०० मीटरवर थांबावे लागले. त्यांनी रागही धरला नाही आणि सहलही सोडली नाही. तीन महिने सराव केला आणि अर्जातला आकडा बदलला. खोटा आकडा लिहिला असता तर त्या वेगवान गटात गेल्या असत्या आणि बोट दुसऱ्याच टोकाला राहिली असती.

जाण्याआधी स्वतःची ही परीक्षा घ्या :

१. हातपाय न मारता पाठीवर पाच मिनिटे तरंगता येते काय?
२. भिंतीला न टेकता किती मीटर पोहता येते? सहलीचा पल्ला त्याहून मोठा नसावा.
३. दर सात-आठ हातांनंतर डोके वर काढून समोर पाहता येते काय? समुद्रात तळाला रेघ नसते.
४. पोहता पोहता मध्येच थांबून, उभ्याने पाय हलवत, शांतपणे श्वास घेता येतो काय?

पोहता येत नसेल तर सरळ "येत नाही" सांगा आणि जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात आनंद घ्या. आमच्या माताभगिनींना विशेष सांगणे : साडी, ओढणी, सैल सलवार पाण्यात जड होते आणि पायात गुंडाळते. अंगभर झाकणारे, अंगाला बसणारे पोहण्याचे कपडे बाजारात मिळतात. ते घालायला संकोच करू नका.

सिकलसेल असेल तर

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो हे आता लपून राहिलेले नाही. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रात याची तपासणी होते. ज्या घरात अजून तपासणी झालेली नाही, त्यांनी सहल असो-नसो, ती करून घ्यावी.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडल्यासारखी वेदना उठते. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी वाजणे, अती श्रम, ताप आणि प्राणवायूची कमतरता यांनी हा त्रास जागा होतो. आता समुद्रातला दिवस आठवून पहा. ऊन, घाम, खारे पाणी, लांब पल्ला, आणि बाहेर आल्यावर ओल्या अंगावर वारा. त्रास जागा करणाऱ्या कितीतरी गोष्टी एकाच सकाळी एकत्र येतात.

याचा अर्थ एसएस रुग्णाने समुद्र पाहूच नये असा नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि ठरले तर हे पाळावे :

- हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, विमानात चढवायच्या बॅगेत देऊ नका. एक दिवसही खंड नको.
- विमानात, बोटीत, किनाऱ्यावर दर थोड्या वेळाने पाणी प्या. तहान लागण्याची वाट पाहू नका.
- पल्ला आखूड ठेवा. शर्यत लावू नका. दम लागण्याआधी थांबा.
- बाहेर येताच अंग कोरडे करा, कोरडे कपडे घाला, बोटीत वाऱ्यापासून आडोसा घ्या.
- सिलिंडर लावून खोल पाण्यात उतरण्याचा, म्हणजे स्कूबाचा, मोह टाळा.
- ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा न थांबणारी वेदना झाली तर "उद्या पाहू" म्हणू नका. मोठे सरकारी रुग्णालय श्री विजयपुरमला आहे आणि मध्ये समुद्र आहे. लवकर निघाल तर लवकर पोचाल.

एएस, म्हणजे वाहक, सहसा निरोगी असतात आणि पोहू शकतात. पण उपाशीपोटी, पाणी न पिता, जिवाच्या आकांताने श्रम करणे वाहकालाही धोक्याचे ठरू शकते. आपण वाहक आहोत हे सोबत्याला माहीत असावे.

इतर आजार

फिट येणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय खोल पाण्यात जाऊ नये. पाण्यात आलेली फिट काही क्षणांत जीव घेते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी काही खाल्ल्याशिवाय उतरू नये आणि बोटीत साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. दम्याचा पंप बोटीतल्या माणसाकडे द्यावा. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. कान फुटलेला असेल तर पाण्यात डोके घालू नये. दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे मरणाला बोलावणे. ज्यांनी स्कूबा केले त्यांनी त्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नये.

पाण्यातले नियम

एकट्याने उतरू नका. जोड्या करा आणि आपल्या जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका. उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर डोकी मोजा. ज्याने मोजायचे त्याचे नाव आधीच ठरवा, कारण सगळ्यांचे काम कोणाचेच नसते.

किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झुंजू नका. दमून माणूस बुडतो. प्रवाह अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या बाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगा आणि एक हात वर करून हलवा.

अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे. २०१० साली हॅवलॉकला पाण्यात उतरलेल्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीचे तोंड, तिवरांचे रान, पहाट आणि तिन्हीसांजा टाळा. किनाऱ्यावरचा फलक आणि जीवरक्षकाची शिट्टी मोडू नका. पोहण्यासाठी आखलेली जागा सोडू नका.

जेलीफिश लागला तर बाहेर या, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, वाळू चोळू नका. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवल्यास आग कमी होते. श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना. प्रवाळाने खरचटले तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवा. प्रवाळावर उभे राहू नका, तो जिवंत असतो. त्याचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

कोणी बुडू लागले तर

सिनेमात बुडणारा ओरडतो. खरा बुडणारा बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याशी खालीवर होते, डोके मागे जाते, हाका मारायला श्वास उरत नाही. अशा माणसाकडे हात देऊन जाऊ नका, तो तुम्हाला खाली ओढेल. दोर, काठी, रिकामा प्लास्टिकचा डबा, जॅकेट, जे तरंगते ते फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा.

बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गोल फिरवणे, पोट दाबणे हे सारे चुकीचे. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर कोणाला तरी ११२ ला फोन करायला सांगा. हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून जोराने ३० वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्या, फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

त्या अर्जाचे काय झाले?

आम्ही आईसमोरच मुलाला अर्ज भरायला लावला. सिकलसेल, एसएस, चालू औषधे, डॉक्टरांचा नंबर, सगळे. डॉक्टरांनी लांब पल्ला आणि स्कूबाला नाही म्हटले, उथळ उबदार पाण्यात थोडा वेळ पोहायला होकार दिला. आयोजकाने त्याला नाकारले नाही, हळू गटात घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे गुडघे दुखू लागले. त्याने जोडीदाराला सांगितले, जोडीदाराने बोटीतल्या माणसाला. त्याला बोटीत घेतले, अंग कोरडे केले, पांघरूण दिले, पाणी पाजले, गोळी दिली आणि दोन दिवस पाण्यात उतरू दिले नाही. दुखणे तिथेच थांबले. रकाना कोरा असता तर तो लाजेने पोहत राहिला असता, आणि बोटीतल्या माणसाला त्याच्या गुडघ्याचा अर्थ कळला नसता.

परत आल्यावर त्याची आई वर्गात आली. सोयरिकीची काळजी अजून गेलेली नाही. पण सोबत धाकट्या मुलीला आणले होते, तपासणीसाठी. वाचकहो, आपल्या घरातही कोणाची तपासणी राहिली असेल तर या आठवड्यात आरोग्य केंद्रात जा. समुद्रावर जाल तेव्हा ते कार्ड सोबत ठेवा, आणि पाण्यात उतरण्याआधी एका माणसाला तरी खरे सांगा.