आधी पडद्यावर, मग रस्त्यावर

प्रश्न : जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर' चित्रपटाच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत सापळ्यांची सोंगे घेतलेल्या माणसांची प्रचंड मिरवणूक दिसते. पितरांची ही मिरवणूक तिथे किती शतकांपासून निघते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ती मिरवणूक चित्रपटासाठी रचलेली होती. 'स्पेक्टर' आला २०१५ साली. तो पाहून येणारे परदेशी पाहुणे ही मिरवणूक शोधत फिरणार, हे तिथल्या पर्यटन अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले आणि २९ ऑक्टोबर २०१६ रोजी राजधानीत तशी पहिली मिरवणूक खरोखर निघाली. आता ती दरवर्षी निघते.

पितरांचा सण मात्र जुना आहे आणि तो मुळात घरातला. गेलेल्या लेकरांची आठवण १ नोव्हेंबरला, मोठ्यांची २ तारखेला. स्पेनबरोबर आलेले ख्रिस्ती दिवस आणि तिथल्या मूळ लोकांच्या चालीरीती त्यात मिसळल्या आहेत. घरात मांडणी करतात, तिला 'ओफ्रेंदा' म्हणतात. त्यात गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, मीठ, गोडसर पाव आणि त्यांच्या आवडीचे जेवण. वाटचालीने तहान लागली असेल म्हणून पेलाभर पाणीही. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, कारण त्या वासावर पितर घर ओळखतात अशी समजूत आहे. राजधानीच्या हद्दीतल्या मिस्किकसारख्या गावात माणसे रात्री कबरींपाशी दिवे लावून बसतात. मला विचाराल तर या सणाचा जीव तिथे आहे.

या सणात सगळीकडे दिसणारी पिसांच्या टोपीतली सापळ्याची बाईसुद्धा वाटते तितकी जुनी नाही. होसे ग्वादालूपे पोसादा हा छापचित्रकार १९१३ साली वारला. युरोपीय थाटाची नक्कल करणाऱ्यांना चिमटा काढायला त्याने तिचे नुसते डोके कोरले होते. चित्रकार दिएगो रिवेराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला. आज तिच्याशिवाय हा सण कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

म्हणून मिरवणूक सिनेमातून आली तरी मी तिला खोटी म्हणणार नाही. लोक आपली माणसे आठवत तिच्यात चालत असतील तर ती त्यांचीच झाली. मला खटकते ते वेगळेच. २०१३ साली डिस्ने कंपनीने आपल्या आगामी चित्रपटासाठी या सणाच्या नावाचाच ट्रेडमार्क मागितला होता. लाखो घरांत उच्चारले जाणारे नाव एका कंपनीच्या दप्तरी कसे जाईल? लोक संतापले आणि अर्ज मागे घ्यावा लागला. त्या वेळी कंपनीवर जळजळीत व्यंगचित्र काढणारे लालो अल्काराझ यांनाच पुढे चित्रपटाचे सल्लागार नेमले गेले. २०१७ चा तो 'कोको' मेक्सिकोतल्या लोकांनी डोक्यावर घेतला. अशी उसनवारी करताना घरच्यांना विचारावे, एवढेच माझे म्हणणे.

'कोको' पाहाल तेव्हा त्यातला पाकळ्यांचा केशरी पूल नीट पाहा. ती फुले तुमच्या ओळखीची आहेत. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.