कंपवात, विषद्रव्ये आणि खाजकुइली

कणकुंबीच्या डोंगरात उगम पावलेली मलप्रभा खानापूर व सौंदत्ती तालुक्यांतून वाहत कूडलसंगमास कृष्णेला मिळते. उगमापाशी पाण्यात जे पडेल, ते खालच्या गावांच्या घागरीत जाते. शेतीची औषधे विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही साधी गोष्ट ध्यानी धरावी, म्हणून आम्ही या लेखात कंपवाताचा विचार योजला आहे.

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले. मेंदूत डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी झिजल्या म्हणजे हालचाली मंदावतात, अंग ताठरते, हात थरथरतो. गंध न येणे व मलावरोध ही चिन्हे कित्येकदा अनेक वर्षे आधी दिसतात. बहुतेक रोग्यांत एकच कारण दाखविता येत नाही. वय, आनुवंशिकता व परिसर या तिन्हींचा वाटा संभवतो.

२०११ साली अमेरिकेतील शेतकरी व फवारणी करणाऱ्यांच्या पाहणीत, पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवात सुमारे अडीचपट आढळला. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. पण सावध होण्यास ते पुरेसे आहे. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाटला परवानगी नाही. रोटेनोन तर वनस्पतींच्या मुळांतून निघते. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपण सोडला पाहिजे.

हाच न्याय खाजकुइलीस लावावा. सह्याद्रीच्या रानात होणाऱ्या या वेलीला आयुर्वेदात कपिकच्छू म्हणतात. तिच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली लेव्होडोपा वेगळे केले. कंपवातावर डॉक्टर आज देतात ते मुख्य द्रव्य हेच. तथापि त्याने लक्षणे हलकी होतात, रोग टळत नाही. शिवाय बियांतील प्रमाण सारखे नसते. गोळ्या चालू असता चूर्ण घेतल्यास ओकारी, रक्तदाब उतरणे, अंगाच्या अनावर हालचाली असे अपाय होऊ शकतात. वैद्यकीय सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

निपाणीच्या तंबाखूविषयीही बोलले पाहिजे. धूम्रपान करणारांत हा रोग कमी आढळतो, हे खरे. परंतु रोग्यांना निकोटिनच्या पट्ट्या लावून केलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोगाची गती मंदावली नाही. आणि तंबाखूने कर्करोग होतो, हे निश्चित आहे. नियमित चालणे व व्यायाम मात्र सर्वांच्या आवाक्यातला आणि हितावह उपाय होय.

तेव्हा आपण काय करावे? विषारी औषध धान्याशेजारी ठेवू नये. सुटे करून बाटलीत देऊ नये. गिऱ्हाइकास हातमोजे वापरण्यास व फवारणीनंतर स्नान करून कपडे वेगळे धुण्यास सांगावे. रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये, ओढ्यात धुऊ नये. दुकानातील नोकरही या जपणुकीचा तितकाच अधिकारी आहे. मालाबरोबर दिलेला खरा सल्ला बिलात दिसत नाही. पण व्यापाऱ्याची पत त्यावरच उभी असते.