ब्रेकचा दिवा : विझवावा केव्हा आणि कसा?

मोटार चालविणाऱ्याच्या समोरील फलकावर अनेक दिवे असतात. त्यांपैकी एक पिवळसर दिवा असा आहे की तो लागला म्हणजे मालकाला दोन प्रश्न पडतात. पहिला, 'ब्रेक पॅड बदलायला किती खर्च येईल?' आणि दुसरा, पॅड बदलून झाल्यावर, 'आता हा दिवा विझत का नाही?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुष्कळदा भलताच मार्ग धरला जातो. दिवा विझविणे हेच काम समजले जाते आणि ज्यासाठी तो लागला ते मागे पडते. म्हणून या साध्या दिव्यामागचे शास्त्र विद्यार्थ्यांनी समजून घेणे उपयोगाचे आहे. त्यात पदार्थविज्ञान आहे, विद्युतशास्त्र आहे आणि थोडा व्यवहारही आहे.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. शास्त्राच्या भाषेत, तो गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये आवळली जाते. घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि ती हवेत निघून जाते. अशा डिस्क ब्रेकचे एकस्व इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली घेतले होते. परंतु त्याची खरी कीर्ती झाली ती १९५३ साली, ल मान्सच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार पहिली आली तेव्हा. ड्रमच्या बंद डब्यात उष्णता कोंडून राहते. डिस्क उघडी असल्यामुळे लवकर निवते, हा तिचा मोठा गुण.

ही उष्णता किती असते याचा हिशेब आपल्या परिचयाच्या रस्त्यावर करून पाहू. बेळगावहून गोव्यात येताना चोर्ला घाट उतरून सत्तरीतील केरी लागते आणि पुढे साखळीवरून डिचोलीचा रस्ता धरता येतो. गाडीचे वजन माणसांसह १२०० किलोग्रॅम धरले, तर दर १०० मीटर उंची उतरताना १२०० × ९.८ × १०० म्हणजे जवळजवळ ११ लाख ७६ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे चार लिटर पाणी उकळीला येईल. घाट तर शेकडो मीटरांचा. यातला काही भाग वाऱ्याचा विरोध आणि इंजिन यांच्या वाट्याला जातो; परंतु गिअर 'न्यूट्रल' करून उतरणाऱ्याचे जवळपास सारे ओझे त्या चार चाकांवरच्या पॅडवर पडते. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगत आले आहेत.

डिचोली तालुक्यात याखेरीज तांबड्या मातीची धूळ आहे. धुळीचे कण पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शिरले की कानस फिरविल्यासारखे काम करतात. पेडण्याची बाजू वेगळी. पत्रादेवीपासून धारगळपर्यंत रुंद महामार्ग आहे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाल्यापासून त्या बाजूला धावपळही वाढली आहे. येथे वेग अधिक असतो, आणि वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते. शिवाय मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्याला खारा वारा आहे. पॅडला त्याचा त्रास कमी, पण विजेच्या तारांच्या जोडांना तो फार. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

पॅड झिजला हे गाडीला कसे कळते?

नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा थर साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावा, असा सर्वसाधारण नियम आहे. हे कळविण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली अगदी साधी. पॅडच्या पाठीला पोलादी पट्टी बसविलेली असते. थर ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला घासते आणि कर्कश 'चीं' असा आवाज येतो. आपल्याकडील बऱ्याच लहान मोटारींत हीच सोय असते. तेथे दिवाही नाही आणि तो विझविण्याचा प्रश्नही नाही.

दुसऱ्या पद्धतीत पॅडमध्ये एका तारेचे टोक पुरलेले असते. थर झिजला की टोक डिस्कला टेकते, विद्युतमंडल जमिनीशी पूर्ण होते आणि दिवा लागतो.

तिसऱ्या पद्धतीत तारेचा एक वेढा पॅडमध्ये असतो आणि त्यातून सतत अत्यल्प प्रवाह वाहत असतो. डिस्कने तो वेढा कापला की प्रवाह तुटतो आणि दिवा लागतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत असे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा ओलांडला की मंडलाचा रोध बदलतो आणि गाडीतील संगणक 'अजून इतके किलोमीटर' असा अंदाज दाखवू लागतो. दुसरा टप्पा म्हणजे शेवटची सूचना.

तुटणे हीच सूचना

दुसरी आणि तिसरी पद्धत यांतील फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या पद्धतीत तार वाटेत कोठे तुटली, तर दिवा कधीच लागणार नाही. यंत्र मुके होईल आणि मालक निर्धास्त राहील. तिसऱ्या पद्धतीत तार कोणत्याही कारणाने तुटली तरी दिवा लागतोच. फार तर खोटी हाकाटी होईल, पण खोटे मौन राहणार नाही.

सुरक्षेच्या साऱ्या यंत्रणांत हे तत्त्व आढळते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये आगगाडीचा स्वयंचलित ब्रेक सिद्ध केला तो याच विचाराने. नळीतील हवेचा दाब ब्रेक सोडून धरतो. डबे सुटले वा नळी फुटली की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. पेडणे स्थानकावरून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या गाडीत साखळी ओढली की गाडी थांबते, तेही नळीतील हवा बाहेर पडल्यामुळे. खनिज वाहणाऱ्या अवजड ट्रकच्या हवेच्या ब्रेकमध्येही टाकीतला दाब फार उतरला की जबर स्प्रिंग सुटून चाके आवळतात. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला झुकावा, हे त्यातील सूत्र.

दोन दिव्यांची गल्लत

पॅड झिजल्याचा दिवा बहुधा पिवळा असतो. वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा, असे त्याचे चिन्ह. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला तांबडा दिवा निराळा. तो हँडब्रेक ओढलेला असल्याचे किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचे सांगतो.

तथापि या दोहोंत नाते आहे. पॅड जसजसा झिजतो तसतसा कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइलने भरते आणि वरच्या बाटलीतील पातळी खाली जाते. अशा वेळी नुसते ऑइल भरले की तांबडा दिवा विझतो. पण पॅड झिजलेलाच राहतो! पुढे नवे पॅड बसविताना पिस्टन मागे ढकलला की तेच जादा ऑइल बाटलीतून उतू जाते आणि गाडीचा रंग खाते. म्हणून पातळी उतरलेली दिसली की आधी पॅड पाहावेत व गळती नाही ना हे तपासावे.

जाता जाता हेही सांगितले पाहिजे की ब्रेक ऑइल हे नेहमीच्या वापरात खरे तेल नसते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ४' जातीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा मुरलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर असा द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचत नाही आणि पेडल तळाला जाते. गोव्याच्या दमट हवेत हा द्रव वेळच्या वेळी बदलण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

पॅड बदलल्यानंतर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्रम असा असावा :

१. एकाच आसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत. गाडी केवळ जॅकवर ठेवू नये. खाली स्टँड द्यावा. हँडब्रेक विजेवर चालणारा असेल, तर मागचे पॅड काढण्यापूर्वी तो दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. तेथे पिस्टन जबरदस्तीने ढकलू नये.

२. कापला गेलेला सेन्सर पुन्हा वापरू नये. नव्या पॅडबरोबर नवा सेन्सर घालावा आणि त्याची तार चाक वळताना घासणार नाही अशी मूळच्या खाचेत बसवावी.

३. गाडी हलविण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत अनेक वेळा दाबावे. पिस्टन मागे गेलेले असल्याने पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जाते. हे विसरून गाडी सुरू करणारा समोरच्या भिंतीवर जाऊ शकतो.

४. मग इंजिन सुरू न करता चावी फिरवून फलक चालू करावा. साध्या मंडलाच्या गाडीत नवा सेन्सर जोडताच मंडल पूर्ववत होते व दिवा आपणहून विझतो. किलोमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या गाडीत संगणकाला 'पॅड नवे आहेत' हे सांगावे लागते. काही गाड्यांत फलकावरील बटण दाबून धरून सेवासूचीतील ब्रेकची नोंद निवडतात व पुन्हा दाबून शून्य करतात. काहींत निदानयंत्र जोडावे लागते. नेमकी कृती गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावी, कारण ती प्रतिकृतीगणिक बदलते.

५. पहिले दोनतीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणे टाळावे, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसतात.

इतके करूनही दिवा राहिला, तर? आधी जोड पाहावा. पावसाचे पाणी किंवा खारट हवा यांमुळे तेथे हिरवट गंज चढतो आणि धड तारही तुटल्यासारखी वाटते. नंतर दुसऱ्या आसावरचा सेन्सर पाहावा. पुढचे पॅड बदलले, पण दिवा मागच्यांसाठी लागला होता, असेही घडते. दोषी सेन्सर जोडलेला असेपर्यंत संगणक नवी नोंद स्वीकारत नाही. तो हट्ट नव्हे, ती त्याची शिस्त आहे.

एक सोपी पळवाट

सेन्सर महाग वाटला की त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. दिवा तत्काळ विझतो. मंडलापुरते पाहिले तर यात काहीच चूक दिसत नाही, प्रवाह वाहतो आहे! पण आता पॅड संपून धातूवर धातू घासू लागला तरी दिवा लागणार नाही. तिसऱ्या पद्धतीचा सारा गुण त्या एका पिळाने नाहीसा होतो. ज्याने ही गाडी उद्या विकत घेतली, त्याला तर ते कधी कळणारही नाही. पावसाळ्यात धुक्यात चोर्ला उतरताना त्या कुटुंबाचा भरवसा एका विझलेल्या दिव्यावर असेल.

दिवा ठीक असतानाही एक सवय ठेवावी. बऱ्याच गाड्यांत आसावरच्या दोनपैकी एकाच चाकाला सेन्सर असतो. उरलेल्या चाकाचा पॅड, विशेषतः आतल्या बाजूचा, कॅलिपरची खीळ अडकल्यामुळे आधी संपलेला असू शकतो, आणि त्याबद्दल कोणताही दिवा बोलत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा चारही चाके काढून पॅडची जाडी डोळ्यांनी पाहावी. मोजपट्टीला चार आणे खर्च नाही, आणि ३ मिलिमीटर ओळखायला पदवी लागत नाही.