जुनेपणाचा पंचनामा

बदनापूर, वैशाख शुद्ध पंचमी

चि. बाळ,

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे पोहोचली. पुण्याच्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एक अखंड फळी अडवून तिच्यावर निजामी अंमलात घातलेल्या मनमाड-काचीगुडा मार्गावरचे आपले बदनापूर, आणि तेही गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुंद रूळ येण्यापूर्वीचे मीटरगेजचे बदनापूर, छोट्या प्रतिकृतीच्या रूपात उभे करण्याचा तू जो संकल्प केला आहेस, त्याचे मर्म तुझ्या आईच्या ध्यानात येण्यास काही वर्षे जातील. मला मात्र ते पहिल्याच वाचनात उमगले. सत्त्याऐंशीस एक हे प्रमाण धरिले असता मीटरचे साडेअकरा मिलिमीटर होतात, तेव्हा तू 12 मिलिमीटरचा रूळ घेतलास हे यथायोग्यच झाले.

परंतु मालधक्क्याचे गोदाम आणि त्यामागची घरे कालच दुकानातून आणल्यासारखी दिसतात अशी तक्रार करून, त्यांवर सरसकट काळा रंग ओतून ती जुनी करण्याचा जो बेत तू लिहितोस, त्यास माझी संमती नाही. सरकारी कचेऱ्या, चावड्या आणि दवाखाने यांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके करण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि त्या दप्तरातून एक गोष्ट मनावर पक्की ठसली ती ही की, इमारत कधीही सर्वांगाने एकाच वेळी म्हातारी होत नाही. पाणी, ऊन, धूर, जमीन आणि माणसाचा हात या पाचांपैकी कोणी तरी तिला विशिष्ट जागी गाठतो, आणि त्या जागेवरून गुन्हेगार ओळखता येतो. ज्या डागाचे कारण तुला सांगता येत नाही, तो डाग भिंतीवर उमटवू नकोस.

आपल्याकडील काळ्या जमिनीचेच पाहा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेऊन बसलेली भिंत वर्षानुवर्षे या फुगण्या-आकसण्याबरोबर हलत राहते. म्हणून येथील जुन्या घरांची चीर बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून निघून सांध्यासांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी वर चढते. ही चीर कुंचल्याने काढू नये, टोकदार पेन्सिलीने काढावी, आणि साऱ्या गावात अशा दोन-तीनच असाव्यात. जोत्यालगत पावसाच्या थेंबांनी उडालेल्या चिखलाचा पट्टा फूटभर उंचीपर्यंत, म्हणजे तुझ्या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरपर्यंत, वर जाता जाता विरळ होणारा असावा. त्याच्याही वर, जमिनीतील ओल भिंतीत चढून जेथे वाळते तेथे, लोणा लागतो. क्षार फुलून येतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि आतला दगड किंवा वीट उघडी पडते. हा लोणा मी दोन-तीन फुटांच्या उंचीवर असंख्य वेळा नोंदविला आहे, आणि तो दाखविण्यास किंचित राखाडी मिसळलेल्या पांढऱ्या खडूची भुकटी पुरते. माळवदाच्या घरांना धाब्यावरचे पाणी काढून देणारे पन्हाळ असतात. त्यांच्या खाली, आणि केवळ त्यांच्याच खाली, पांढऱ्या मातीचे ओघळ उतरतात. टिनाचे पत्रे मधोमध गंजत नाहीत. गंज खिळ्यांच्या भोकांपाशी, पत्र्यावर पत्रा चढविला असेल तेथे आणि कापलेल्या कडांना लागतो व तेथून उताराच्या दिशेने खाली ओघळतो. जुना गंज गडद तपकिरी असतो. नारिंगी रंगाचा मोह आवर. तिकिटाच्या खिडकीची कड हातांच्या घर्षणाने गुळगुळीत व काळपट झालेली असते, आणि मालधक्क्याच्या दाराची चौकट हमालांच्या खांद्याच्या उंचीवर मळते. पानाच्या पिचकाऱ्यांचा उल्लेख नाइलाजाने करतो, कारण त्यांवाचून आपले कोणतेही सार्वजनिक बांधकाम विश्वसनीय ठरणार नाही; मात्र त्या कोपऱ्यातच असतात, हे ध्यानी ठेव.

आता बांधणीविषयी. फुटास साडेतीन मिलिमीटर या हिशोबाने सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटर भरते, नऊ इंची थर अडीच मिलिमीटरांहून किंचित अधिक, आणि अर्ध्या इंचाचा चुन्याचा सांधा मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा. तू मात्र दगडी भिंतीत सांधे असे खोल कोरले आहेस की त्यांतून उंदीर जावा. सांधा रेखावा, कोरू नये. पुठ्ठा किंवा माउंट बोर्ड वापरशील तर पाण्याचा रंग लावण्याअगोदर दोन्ही अंगांस लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दे. एकाच अंगास दिलास तर भिंत धनुष्यासारखी वाकेल.

शुद्ध काळा रंग डबीतच राहू दे. लहान वस्तू जवळून पाहतानाही डोळा ती दूरची समजतो, आणि दूरच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकटच दिसावयास हवा. म्हणून आपल्याकडचा काळा पाषाणसुद्धा करड्या-तपकिरी छटेत रंगवावा. भरपूर पाण्यात थोडा रंग आणि भांडी घासावयाच्या साबणाचा एक थेंब घालून तो पातळ हात फिरविला की सांध्यांत आपोआप उतरतो. वाळल्यावर खडू सँडपेपरवर घासून केलेली धूळ कोरड्या कुंचल्याने वरून खाली ओढावी. त्यावर चकाकी नसलेले व्हार्निश फवारल्यास ही धूळ बरीचशी नाहीशी झाल्यासारखी दिसते, याचा हिशोब आधीच करून ठेव.

जमिनीकरिता येथली माती पाठविण्याची तुझी मागणी मान्य आहे, परंतु ती काळी नसून मुरूम असेल. काळी माती डिंकपाण्यात बसविली की वाळताना तडकते. खऱ्या शेतात जे सृष्टीचे कौतुक, तेच फळीवर उपद्रव ठरते. मुरूम तव्यावर भाजून, मलमलीतून गाळून, नंतर त्यातून लोहचुंबक अवश्य फिरव, कारण आपला मुरूम काळ्या पाषाणाचाच, आणि त्यातील लोहयुक्त कण इंजिनाच्या मोटारीत शिरले तर तुझी गाडी शेजारच्या करमाड स्टेशनाच्या अलीकडेच मुक्काम करील.

एक वर्ष आणि एक महिना निश्चित केल्याखेरीज कुंचला हाती धरू नकोस. दसरा-दिवाळीला घरांना चुन्याची सफेदी होते, म्हणून कार्तिकातले गाव आणि वैशाखातले गाव यांच्या भिंती एक नसतात. माझ्यापुरते विचारशील तर 1973 चा उन्हाळा निवड: दुष्काळाचे ते वर्ष, शेवाळ कोठेही नाही, ओघळ आहेत पण जुने व वाळलेले, आणि सर्वांवर सारखी धूळ. धूळ ही एकच गोष्ट सर्वत्र पसरण्यास अधिकृत आहे, आणि तीही छपरावर अधिक व उभ्या भिंतीवर कमी.

कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून साकारलेले, 1998 साली खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय तुझ्या घरापासून दूर नाही. तेथे गाड्यांची व सिग्नलांची शिस्त सावकाश पाहा. भिंतींचे शिक्षण मात्र तुला येथे यावयासच हवे.

तेव्हा सुट्टी लागताच ये. येताना टेप, वही आणि मऊ पेन्सिली आण. स्टेशनात मोजमाप करण्यापूर्वी स्टेशनमास्तरांची रीतसर अनुमती आपण घेऊ. गल्लीतल्या जुन्या माळवदाच्या मालकाने यंदा पावसाळ्याअगोदर ते उतरवून स्लॅब टाकण्याचे ठरविले आहे, म्हणून ज्येष्ठ उजाडण्याच्या आत आलास तर बरे. तुळयांचे खण आणि पन्हाळांची अंतरे मोजावयास मग काही उरणार नाही. आईस सांग, फळीचा विषय मी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलेन.

तुझा मामा