घराचे रंगकाम आणि गरोदर स्त्री



आपल्या कुर्ल्यातील वस्त्यांत वर्षातून एखादे तरी निमित्त असे येते, की घरात रंगाचा डबा उघडला जातो. १४ एप्रिल जवळ येतो, बुद्ध पौर्णिमा येते, घरात लग्न ठरते आणि भिंतीवर ब्रश फिरतो. असेच एक निमित्त म्हणजे घरात बाळ येणार असते. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते, म्हणून माहेरचे लोक हौसेने खोली रंगवतात. हेतू चांगला असतो. परंतु गरोदर स्त्री घरात असताना रंगकाम करावे की नाही, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. आमच्या घरीही तो विचारला गेला नव्हता.

प्रारंभीच सांगतो, की मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. हा विषय मला अभ्यासावा लागला तो एका चुकीमुळे.

आमच्या घरची गोष्ट

माझे थोरले बंधू आणि मी शेजारी शेजारी राहतो. पुतणी सातव्या महिन्यात माहेरी आली. १४ एप्रिल तोंडावर होता, म्हणून दादांनी रंगकाम काढले. भिंतींना डिस्टेंपर आणि दारे-खिडक्यांना ऑइल पेंट असा बेत होता. दारांवर वीस-पंचवीस वर्षांच्या रंगाचे थर होते आणि त्यांना पोपडे धरले होते. ते घासून काढणे भाग होते. पुतणी म्हणाली, "काका, मी काय पाहुणी आहे का? द्या तो पोलिश पेपर इकडे." आम्ही हसलो आणि दिला. दोन दिवस ती बसल्या बसल्या चौकट घासत होती. हिरवी-पिवळी भुकटी तिच्या हातांवर, पदरावर, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर पडत होती. रात्री डासांमुळे खिडकी बंद करून त्याच खोलीत ती झोपत होती.

तिसऱ्या दिवशी तिचे डोके दुखू लागले आणि मळमळू लागले. आम्हाला वाटले, रंगाच्या वासाने होत असेल. नेहमीच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरबाईंनी वासाबद्दल एकच प्रश्न विचारला. पण घासाईबद्दल चार विचारले. रंग किती जुना होता, कोणत्या रंगाचा होता, कोणी घासला, धूळ कशी काढली? नंतर त्यांनी रक्तातील शिशाची तपासणी करायला सांगितली. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत दादांनी कोणाशी धड बोलणे केले नाही. सुदैवाने अहवाल चिंता करण्यासारखा नव्हता. पुढे मुलगी सुखरूप जन्मली आणि आता ती बालवाडीत जाते. परंतु आम्ही वासाला भीत होतो आणि खरी भीती धुळीची होती, हे त्या दिवशी कळले.

रंगात असते तरी काय?

कोणत्याही रंगात साधारणपणे तीन गोष्टी असतात. रंगछटा देणारी भुकटी, ती भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि ते सर्व पातळ ठेवणारा द्रव. डिस्टेंपर आणि प्लॅस्टिक पेंट यांत हा द्रव मुख्यतः पाणी असते. ऑइल पेंट, व्हार्निश आणि पॉलिश यांत टर्पेंटाइन किंवा थिनर असते. ते हवेत उडून जाते आणि त्याचाच तो उग्र वास. चुन्याच्या सफेदीत असे द्रावक नसते. पण चुना डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते, हे विसरू नये.

द्रावकाच्या वाफांनी डोके दुखते, चक्कर येते, उलटीसारखे वाटते. रोज अनेक तास अशा वाफांत काम करणाऱ्या किंवा नशेसाठी त्या हुंगणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाला अपाय होऊ शकतो. ठक्कर बाप्पा कॉलनीत चपलांना सोल्युशन लावणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण अशा सोल्युशनमध्येही द्रावकेच असतात. परंतु घरातील एखाद्या दिवसाच्या रंगकामाच्या वासाने बाळाला व्यंग येते, असा पुरावा नाही. नकळत असे रंगकाम होऊन गेले असेल, तर त्या भगिनीने रात्ररात्र जागून चिंता करण्याचे कारण नाही. पुढे मात्र काळजी घ्यावी. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाळाचे अवयव घडत असताना, ऑइल पेंट आणि थिनरपासून दूर राहणे शहाणपणाचे.

जुन्या रंगातील शिसे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. रंग उठावदार दिसावा, लवकर वाळावा आणि टिकावा म्हणून त्यात पूर्वी शिशाची संयुगे घालत असत. शिशाचा सफेदा, पिवळ्या व नारिंगी रंगासाठी लेड क्रोमेट, लोखंडाला गंज चढू नये म्हणून पहिल्या हाताला शेंदूर, ही त्याची उदाहरणे होत. हिरवा रंगसुद्धा पिवळ्यात निळा मिसळून केला जाई. म्हणून जुन्या घरातील हिरवी-पिवळी दारे, खिडक्यांचे गज आणि जिन्याचे कठडे यांविषयी अधिक सावध असावे. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने बाजारातील रंग तपासले, तेव्हा शिसे आढळले ते प्रामुख्याने एनॅमल म्हणजे ऑइल पेंटमध्ये. पाण्यात मिसळणाऱ्या रंगांत ते फारसे नव्हते.

हा धोका जगाला नवा नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे शिशाची बाधा झालेली मुले येत. १९०४ साली त्यांनी दाखवून दिले, की ही बाधा घराच्या व्हरांड्यातील रंगवलेल्या कठड्यांपासून होते. उन्हाने रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हाताला लागे आणि हातावाटे तोंडात जाई. आपल्या चाळींच्या गॅलरीतील लाकडी कठडे आठवून पाहा, म्हणजे हे उदाहरण किती जवळचे आहे ते कळेल. १९२२ मध्ये तेथील क्वीन्सलँड राज्याने, मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावण्यावर कायद्याने बंधन घातले. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार केला होता आणि औद्योगिक स्वरूपाच्या अशा कामावर स्त्रियांना व अठरा वर्षांखालील मुलांना लावू नये असेही त्यात म्हटले होते. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती रंगातील शिशाला मनाई केली.

आपल्या देशात बंधनकारक नियम आले ते २०१६ मध्ये. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगात दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये आणि तसे डब्यावर छापले पाहिजे, असा नियम लागू झाला. तोपर्यंत याबाबतचे मानक ऐच्छिक होते. याचा अर्थ काय? आपल्या घराच्या दारावर २०१७ पूर्वीचा ऑइल पेंट असेल, तर त्यात शिसे असू शकते असे धरूनच चालावे. रंग दारावर घट्ट बसलेला आहे तोवर तो फारसा त्रास देत नाही. पोपडे सुटले किंवा आपण तो कोरडा घासला, की तेच शिसे धूळ होऊन घरभर पसरते.

आईच्या शरीरात काय घडते?

श्वासातून व तोंडावाटे गेलेले शिसे रक्तात मिसळते आणि त्यातील बरेचसे हाडांत जाऊन बसते. मोठ्या माणसाच्या शरीरातील शिशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक साठा हाडांत असतो आणि तो कित्येक वर्षे टिकतो. आमच्या बँकेच्या भाषेत ही मुदत ठेवच. दिवस गेल्यावर बाळाची हाडे घडण्यासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम काढले जाते. त्याबरोबर शिशाची ही नको असलेली ठेवही मोडली जाते, रक्तात येते आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. २००० सालापर्यंत आपल्याकडे शिसे घातलेले पेट्रोल विकले जात होते. त्या काळी लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या धुरात लहानाच्या मोठ्या झालेल्या आपल्या लेकीबाळींच्या हाडांत थोडीफार ठेव आधीच असू शकते. तिच्यात नवी भर का घालावी?

शिसे अधिक झाल्यास गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि पुढे मुलाच्या मेंदूच्या वाढीत उणीव असे परिणाम संभवतात. शिशाचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. गरोदर स्त्रीच्या दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर ते कोठून येते ते शोधून थांबवावे, असे या संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शिसे अधिक शोषले जाते. म्हणून दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. नाचणीची भाकरी, दूध, पालेभाजी आहारात ठेवावी.

मग करावे काय?

मोठ्या बंगल्यातील माणसाला, "दुसऱ्या खोलीत राहा" असे सांगता येते. आपल्याकडे दुसरी खोली कोठे असते? एकाच खोलीत चूल, पिंप, पलंग आणि पाळणा. म्हणून आपल्या घरांना लागू पडतील अशा सूचना पुढे देतो.

१) रंगकाम पुढे ढकलता येत असेल तर ढकलावे. सण दरवर्षी येतो. भिंत नुसती ओल्या फडक्याने पुसून काढली तरी शोभा येते.

२) रंगकाम करायचेच असेल तर योग्य वेळ साधावी. सून बाळंतपणासाठी माहेरी गेली, की सासरचे घर रंगवण्यास ती चांगली संधी असते. मात्र बाळ-बाळंतीण परतण्याच्या काही आठवडे आधी काम उरकून वास जाऊ द्यावा. माहेरच्यांनी लेक येण्यापूर्वीच काम संपवावे.

३) गरोदर स्त्रीने जुना रंग घासू नये, खरवडू नये. ही एक सूचना इतर सर्वांपेक्षा महत्त्वाची आहे. घासाई चालू असताना तिने आणि लहान मुलांनी घरातच थांबू नये. नातेवाइकांकडे किंवा शेजारी जावे आणि सफाई पूर्ण झाल्यावरच परत यावे.

४) घासाई कोरडी करू नये. वॉटर पेपर वापरून, पाणी लावून घासावे, म्हणजे धूळ उडत नाही. जुना रंग जाळून तर मुळीच काढू नये. त्यातून शिशाचा विषारी धूर निघतो.

५) पिंप, माठ, भांडी, धान्याचे डबे आणि अंथरुणे आधी बाहेर काढावीत किंवा प्लॅस्टिकने झाकावीत. खाली पडलेले पोपडे पिशवीत बांधून टाकावेत. झाडू मारू नये, त्याने धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसावे.

६) भिंतींना पाण्यात मिसळणारा रंग निवडावा. डब्यावर शिशाबद्दलचा उल्लेख पाहावा. सुटा, बिनशिक्क्याचा रंग स्वस्त पडला तरी घेऊ नये. आणि वास नाही म्हणजे अपाय नाही, असे समजू नये.

७) दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. थिनर उघडे असताना गॅस किंवा डासांची अगरबत्ती पेटवू नये, भडका उडू शकतो. वास पूर्ण जाईपर्यंत गरोदर स्त्रीने त्या खोलीत झोपू नये.

८) स्टुलावर किंवा शिडीवर चढू नये. पोट वाढल्यावर तोल सांभाळणे कठीण जाते. रंगाच्या वासाने चक्कर आली तर अधिकच.

९) नाकाला रुमाल बांधला म्हणजे झाले, असे मानू नये. रुमालाने वाफ अडत नाही आणि बारीक धूळही पुरती अडत नाही.

१०) चुकून घासाई झालीच असेल तर घाबरून न जाता डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रक्ताच्या तपासणीने शंका दूर होते.

रंगारी बांधवांसाठी

आपल्यातील कितीतरी तरुण सकाळी नाक्यावर उभे राहतात आणि रंगकामाला जातात. दिवसभराची धूळ कपड्यांतून, केसांतून त्यांच्या घरी येते. घरी पत्नी गरोदर असेल तर ती कधी ब्रश हाती न धरताही शिशाच्या वाटेत येते. म्हणून कामावरचे कपडे कामावरच बदलावेत, हात-तोंड धुऊनच जेवावे, ते कपडे पत्नीला घरच्या कपड्यांत धुवायला देऊ नयेत. तसेच महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे. वर्षात ९० दिवसांचे काम दाखवले, की नोंदणी होते आणि नोंदीत कामगाराच्या पत्नीच्या पहिल्या दोन बाळंतपणांसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे.

समारोप

तात्पर्य, ताजा रंग घरात आला म्हणून घाबरू नये आणि जुन्या रंगाची धूळ मात्र साधी समजू नये. गरोदर स्त्री ही कामाला मागे हटणारी नसते, हे आपण आपल्या आयाबहिणींत पाहिले आहे. ती पोलिश पेपर मागेल. अशा वेळी तो तिच्या हाती न देणे हे घरातील थोरांचे काम आहे. आम्ही ते केले नाही. आपण करावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला.