बालवर्गातील पोरे का टिकत नाहीत?

गेल्या कार्तिकीस पंढरीत वाळवंटावर तीन-चार गावांची वारकरी मंडळी आम्हांस भेटली. बोलता बोलता सर्वांचे गाऱ्हाणे एकच निघाले. गावात हौसेने बालवर्ग काढला, पहिल्या एकादशीस चाळीस पोरे आली, दुसऱ्या महिन्यात पंधरा राहिली, आणि पुढे शिकविणारे बुवा व त्यांचा नातू एवढेच उरले. “मोबाईलने पोरे नासविली,” असे एकाने म्हटले व बाकीच्यांनी माना डोलाविल्या. आम्ही तेव्हा गप्प राहिलो. कारण आमच्या वर्गातूनही पोरे गेली होती, आणि ती मोबाईलमुळे नव्हे, आमच्यामुळे गेली होती. चारचौघांत ते सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून आज लिहावयास बसलो.

आम्ही राहतो ते सिरोंचा गाव महाराष्ट्राच्या पार टोकास आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला, त्याच्या दक्षिणेचा हा शेवटचा तालुका. इथून नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. पंढरी सरळ रेषेने मोजली तरी पाचशे किलोमीटर. गावाजवळच प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि पलीकडच्या तीरावर तेलंगणातले कालेश्वरम् आहे, जिथे एकाच शाळुंकेत दोन लिंगे आहेत. घरोघर तेलुगू बोलतात, रानातल्या गावांत माडिया-गोंडी, आणि मराठी बऱ्याच पोरांस शाळेतच भेटते. अशा ठिकाणी ज्ञानोबारायांचा हरिपाठ शिकवावयाचा.

आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या पाठशाळेत झाले. अमरकोश आधी पाठ, अर्थ मागाहून, आणि उच्चार चुकला की छडी. छडी तेवढी वगळून तीच रीत आम्ही इथे आणली. आता तेलुगू बोलणाऱ्या पोराच्या तोंडी महाप्राण वर्ण सहजी येत नाहीत. त्यांच्या लिपीत ती अक्षरे आहेत, पण रोजच्या बोलण्यात खचा क, भचा ब आणि ठचा ट होतो. एक नऊ वर्षांचा मुलगा, गळा असा की काय सांगावे, मोठ्या प्रेमाने “विट्टल, विट्टल” म्हणे. आम्ही त्यास सर्वांदेखत थांबविले. “ठ म्हण. पोटातून श्वास काढ.” सहा वेळा म्हणविले, सहाही वेळा टच आला. पोरे हसली. पुढच्या रविवारी तो आला नाही आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे तिघे सोबती गेले. शुद्ध उच्चाराचा आग्रह वाईट, असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण देवाचे नाव घेताना पोरास लाज वाटावयास लावली, हा दोष आमचाच होता.

तेव्हापासून वर्गाची रीत हळूहळू बदलली. ती सांगतो. ज्यास जे उपयोगी पडेल ते त्याने घ्यावे.

पहिली गोष्ट, आरंभ तोंडापासून करू नये, पायापासून करावा. नव्या पोरास पहिले तीन रविवार आम्ही एकही शब्द पाठ करावयास देत नाही. ओसरीवर रांगोळीच्या दोन रेघा ओढतो आणि पावली शिकवितो. टाळही लगेच हाती देत नाही. आधी मांडीवर थाप, मग टाळी, मग टाळ. मोठी मुले हरिपाठ म्हणत असतात, नवी नुसती पावली टाकतात. महिन्याभरात पाहावे तर पोर आपोआप गुणगुणू लागलेले असते, आणि जे कानावाटे पायांत गेले ते सहसा विसरत नाही. मग आठवड्यास एक अभंग घ्यावा. हरिपाठाचे अभंग २७. आषाढीस आरंभ केला तर संक्रांतीच्या आगेमागे पूर्ण होतो. घाई कशास? एका सज्जनाने आम्हांस अभिमानाने सांगितले की त्यांच्याकडे एका महिन्यात सर्व पाठ करवितात. करवीत असतील बापडे.

दुसरी गोष्ट नदीची, आणि ती आम्हांस सर्वांत प्रिय. पोरांस संतांच्या गावांची नावे पाठ करावयास दिली की ती कंटाळतात. आळंदी काय आणि पैठण काय, त्यांनी दोन्ही पाहिलेली नाहीत. म्हणून पावसाळा सरून वाळू उघडी पडली की आम्ही वर्ग नदीवर नेतो. (पुराच्या दिवसांत कदापि नेऊ नये. जुलै २०२२ मध्ये या नद्यांनी तालुक्यात काय केले ते इथली पोरे विसरलेली नाहीत. त्या दिवसांत देवळाच्या अंगणात राखेने नकाशा काढावा.) वाळूत बोटाने वीतभर खोल चर काढावयाचा आणि म्हणावयाचे, ही गोदावरी. चराच्या तोंडाशी एक दगड ठेवावा, ते त्र्यंबकेश्वर, निवृत्तिनाथांची समाधी. खाली पुणतांबे, चांगदेवांचे. मग बाजूने प्रवरा येऊन मिळते. तिच्या काठी नेवासे, जिथे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, साल १२९०. पुढे नाथांचे पैठण, त्याखाली आपेगाव, माउलींच्या पूर्वजांचे. आणखी खाली गंगाखेड, जनाबाईंचे. मग नांदेड, मग तेलंगणात बासरची सरस्वती, धर्मपुरी, मंथनी, आणि शेवटी आपण उभे आहोत ती जागा. प्रत्येक गाव एका पोराकडे द्यावे. त्याने आपल्या दगडाजवळ उभे राहून त्या संताची एक गोष्ट सांगावयाची, मग वरच्या अंगाने तांब्याभर पाणी सोडावयाचे. पाणी ज्या दगडाशी पोचेल त्या पोराने नामघोष करावा. वाळू पाणी पिऊन टाकते, म्हणून तांबे पुष्कळ लागतात. पोरे धावून धावून घामाघूम होतात आणि तीन हाका मारल्याशिवाय घरी जात नाहीत.

इतके झाले की दुसरा चर काढावा, प्राणहितेचा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होतात तेव्हा तिचे नाव प्राणहिता पडते. वैनगंगेवर मार्कंडा आहे, ते इथल्या पोरांनी शिवरात्रीच्या जत्रेस पाहिलेले असते, तिथे एक दगड ठेवावा. पण आमचे खरे लक्ष वर्धेकडे. वर्धेस पैनगंगा मिळते, पैनगंगेस कयाधू मिळते, आणि कयाधूच्या काठी हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे, नामदेवरायांच्या नावाने ओळखली जाणारी. म्हणजे पाहा, नाथांच्या पैठणास आणि माउलींच्या आपेगावास शिवून येणारे पाणी एकीकडून येते, नामदेवांच्या नरसीचे पाणी दुसरीकडून येते, आणि दोन्ही पाणी आपल्या सिरोंच्यापाशी मिळते. ज्ञानदेव आणि नामदेव बरोबरीने तीर्थयात्रेस गेले ती कथा आम्ही इथेच सांगतो, दोन्ही चर मिळतात तिथे पोरांस बसवून. १३ ते २४ एप्रिल २०२२ या काळात प्राणहितेचे पुष्कर भरले, बारा वर्षांतून एकदा येणारे, तेव्हा पोरांनी लांबलांबून आलेले लोक इथे बुडी मारताना पाहिले होते. आपल्या घाटावर लोक का येतात, हे त्यांस वाळूतल्या चरांनी अधिक समजले असे आम्हांस वाटते.

प्रश्नही असे येतात की पंडिताने हात टेकावेत. एकाने विचारले, “महाराज, पैठणला धरण आहे ना? मग पाणी येतं कसं?” खरेच आहे, जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि त्या जलाशयास नाथांचेच नाव आहे, नाथसागर. दारे उघडली की येते, एरवी वाटेतल्या ओढ्या-नद्यांचे येते, असे सांगितले. मग एका मुलीने विचारले, चंद्रभागेचे पाणी इथे कोणत्या चरातून येते? खोटे सांगण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. चंद्रभागा म्हणजे भीमा, ती कृष्णेस मिळते. आळंदीची आणि देहूची इंद्रायणीही भीमेकडेच जाते. पंढरीचे पाणी इथे येत नाही. कृष्णा आणि गोदावरी आंध्रात शेजारी शेजारी समुद्रास मिळतात, तेवढीच काय ती भेट. पोरे हिरमुसली. “मग विठोबा इथं कसा आला?” तेव्हा मागून एक बारके पोर तेलुगूत म्हणाले, “नडिचि वच्चाडु.” चालत आला. आम्ही चाळीस वर्षे कीर्तने केली, इतके सोपे उत्तर आम्हांस सुचले नव्हते.

तिसरी रीत मडक्यांची. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संत जमले, मुक्ताईने थापटणे पाहून ते काय म्हणून विचारले, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर ते मारून पारख केली. नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे ठरले, पुढे विसोबा खेचरांकडे गेले. ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आम्ही गावातल्या कुंभाराकडून दहा-बारा मडकी आणविली, काही भाजलेली, काही नुसती वाळलेली. पोरांचे डोळे बांधले आणि बोटाने टिचकी मारून नादावरून कच्चे-पक्के ओळखावयास सांगितले. दोन मडकी गेली, त्याचे पैसे भरले. कथा सांगून झाल्यावर आम्ही रिवाजाप्रमाणे विचारले, यावरून काय शिकलात? तेव्हा चंद्रभागेची विचारणारी तीच मुलगी म्हणाली, “नामदेवांना लागलं असेल. कच्चं मडकं कशाला मारायचं? ते फुटतंच.” आता यावर काय बोलावे? आम्ही कुंभाराकडे पाहिले. तो म्हणाला, “महाराज, ओल्या मडक्याला आम्ही बी थापटतो. पण आतून दगडाचा गुंडा धरतो. एक हात आत, एक हात बाहेर. आत हात नसंल तर मडकं बसतं.” त्याने चाकावरचे ओले मडके घेऊन दाखविलेही. पोरे पाहत होती आणि आमच्या डोळ्यांपुढे मात्र तो सहा वेळा ट म्हणणारा मुलगा उभा होता.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आजीस, इथे तिला नानम्मा म्हणतात, मराठी फार येत नव्हते, आमचे तेलुगू बेताचे. तरी पुंडलिकाचे नाव निघताच ती खुलली. तिने सारी कथा सांगितली, आईबापांची सेवा, वीट, सर्व. कुठे ऐकली म्हणून विचारले तर म्हणाली, लहानपणी सिनेमात. तो ‘पांडुरंग माहात्म्यम्’, १९५७ सालचा, एन. टी. रामारावांचा. आम्ही सिनेमाचे भोक्ते नव्हेत. पण याच नावाचे काव्य तेनाली रामकृष्णाने सोळाव्या शतकात तेलुगूत रचले आहे, म्हणजे पंढरीचे माहात्म्य त्या भाषेत आमच्या आधीच जाऊन बसले होते. आम्ही आपले मराठीची काठी घेऊन दारात उभे. गीता संस्कृतातच राहावी असे म्हणणारे पंडित माउलींच्या काळीही असतील. ऐकणाऱ्याच्या भाषेत ती आणली म्हणून तर आपला संप्रदाय उभा राहिला, आणि आम्ही मात्र ऐकणाऱ्याची भाषा दाराबाहेर ठेवीत होतो.

आता महिन्यातून एक रविवार नानम्मांचा असतो. एखादी आजी तेलुगूत कथा सांगते, मोठी मुले तिचे मराठी करतात, मग सर्व मिळून त्याच प्रसंगाचा अभंग म्हणतात. एक माडिया मुलगी येते, तिने आपल्या गावच्या देवाची, म्हणजे पेनची, गोष्ट सांगितली. आम्ही ऐकली. तिचा देव लहान आणि आपला मोठा असे या वर्गात कोणी बोलावयाचे नाही, हा नियम आहे. अनुमोदन सर्वांनी दिले, एका वृद्ध टाळकऱ्यांनी जरा उशिराने दिले.

शाळेविषयीही एक सांगणे आहे. काही मंडळी म्हणतात की सरकारी शाळेतच एक तास मागून घ्यावा. तसे करू नये. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथे सर्व घरांची पोरे सक्तीने बसलेली असतात. आपला वर्ग देवळात, सुट्टीच्या दिवशी, आणि आईबापांस विचारूनच. येणाऱ्यास जाण्याची मोकळीक असली म्हणजे आपले शिकविणे कसे चालले आहे तेही कळते.

बक्षिसे देऊ नयेत. एका वर्षी कोणा दात्याने पाठांतरास पहिले, दुसरे, तिसरे अशी बक्षिसे ठेविली. दोन भावांत महिनाभर अबोला झाला. त्यापेक्षा काला करावा. प्रत्येकाने घरून मूठभर आणावयाचे, लाह्या, पोहे, दही, मिरची, जे असेल ते. रिकाम्या हाताने आलेल्या पोरास परातीत कालविण्याचे काम द्यावे, म्हणजे कोणी काय आणले हे विचारण्याचा प्रसंगच येत नाही. कोणत्या घरचे दही कोणत्या घरच्या पोह्यात गेले हे पोरे पाहत नाहीत. मोठी माणसे पाहतात, पण एकदा कालविल्यावर इलाज नसतो.

तो मुलगा दुसऱ्याच रविवारी आजीबरोबर आला. आमच्याकडे न पाहता मागे बसला. आम्ही त्यास काही म्हटले नाही, टाळ तेवढे पुढे केले. गेल्या आषाढीस दिंडीत चाल धरावयास तोच पुढे होता. ठ अजून नीट येत नाही. वेलांटी-मात्रांसकट हरिपाठ मात्र सर्व येतो, आणि नव्या पोरांस रांगोळीच्या रेघांवर पावली आता तोच शिकवितो. वाळूतल्या नकाशात नरसीचा दगड त्यानेच मागून घेतला आहे.